घडीव लोखंड : स्पर्श आणि क्षमा

व्यापारी घराण्यांत खेळाला फारसे स्थान नसते, ही समजूत आता मागे पडत चालली आहे. पूर्वी दुकान, घर आणि धर्मस्थान या तीन ठिकाणांतच आपल्या मंडळींचा दिवस सरत असे. सांप्रत आपल्या सभासदांची मुले, क्वचित सभासद स्वतःही, सकाळच्या प्रहरी गोल्फच्या मैदानावर दिसू लागली आहेत. महूच्या छावणीत लष्कराचे गोल्फ मैदान असल्यामुळे धार, देवास व इंदूर या टापूतील लोकांना हा खेळ अगदीच अपरिचित नाही. महाराष्ट्रातील वाचकांना नाशिकचे 'गोल्फ क्लब मैदान' ठाऊक असेल. तेथे आज क्रिकेट चालते, तरी नावाने त्या जुन्या खेळाची आठवण राखली आहे. कलकत्त्याचा गोल्फ क्लब तर १८२९ सालचा असून ब्रिटिश बेटांबाहेरील तो सर्वांत जुना क्लब होय.

या खेळाविषयी लिहिण्याचे प्रयोजन असे की, यातील साधनांची खरेदी हा मोठ्या रकमेचा व्यवहार आहे, आणि तो आपली मंडळी व्यापारी असूनही पुष्कळदा पारख न करता करतात. गोल्फमधील लोखंडी पात्याच्या काठ्यांना 'आयर्न' म्हणतात. त्यांतील घडीव आयर्नचा नवा संच घ्यावयाचा तर रक्कम सहज लाखाच्या पुढे जाते. आमचे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे. धातुशास्त्राची पदवी आमच्यापाशी नाही. परंतु चाळीस वर्षे धान्याचा घाऊक व्यापार करून मालाची पारख करण्याची जी सवय लागली, ती या बाबतीतही उपयोगी पडते असा आमचा अनुभव आहे. तो वाचकबंधूंपुढे ठेवीत आहोत.

घडीव आणि ओतीव

लोखंडाची वस्तू मुख्यतः दोन रीतींनी तयार होते. धातू तापवून ठोकून वा दाबून आकार दिला तर ती घडीव. वितळवून साच्यात ओतली तर ती ओतीव. हा भेद समजून घेण्यासाठी आपल्या माळव्याबाहेर जाण्याचे कारण नाही. देवासच्या कारखान्यांत पंपही तयार होतात आणि गिअरही तयार होतात. पंपाचे कवच ओतीव असते, कारण त्याचा आकार वळणावळणांचा व आतून पोकळ असतो. गिअरचे दात मात्र बहुधा घडीव पोलादातून कापून काढतात, कारण त्यांना सतत आघात सोसावयाचा असतो.

घडीव कामाचा थोर नमुना पाहावयाचा असेल तर धारला जावे. १४०५ साली दिलावरखानाने बांधलेल्या लाट मशिदीपाशी एका लोहस्तंभाचे तीन तुकडे चौथऱ्यावर आडवे ठेविले आहेत. 'लाट' म्हणजे स्तंभ. मशिदीचे नावही त्यावरूनच पडले. या तुकड्यांची एकूण लांबी सुमारे १३ मीटर व वजन सुमारे ७ टन भरते. दिल्लीचा सुप्रसिद्ध लोहस्तंभ उंचीने सव्वासात मीटरांच्या आसपास आहे, यावरून धारच्या स्तंभाची कल्पना यावी. परंपरेने हा स्तंभ भोजराजाच्या काळातील, म्हणजे अकराव्या शतकातील, मानला जातो. कानपूरच्या आय.आय.टी.मधील धातुशास्त्रज्ञ आर. बालसुब्रमण्यम यांनी त्याचा बारकाईने अभ्यास केला. एवढे लोखंड एकदम वितळविण्याची सोय त्या काळी नव्हती. भट्टीतून निघालेले लोखंडाचे लहान लहान गोळे पुन्हा तापवून, घणाने ठोकून ते एकमेकांस जोडीत, आणि याच रीतीने हा प्रचंड स्तंभ सिद्ध झाला.

गोल्फच्या घडीव आयर्नचा जन्म याच कुळातला, मात्र घणाच्या जागी आता यंत्र आले आहे. शेकडा पाव हिश्श्याच्या आसपास किंवा त्याहून कमी कार्बन असलेल्या मऊ पोलादाची कांब सुमारे १२०० अंशांपर्यंत तापवितात, दोन साच्यांमध्ये ठेवून तिजवर जबर दाब देतात, बाहेर आलेली कड कापून टाकतात आणि मग घासून, तोलून पात्याला शेवटचा आकार देतात. मऊ पोलाद गंजते, म्हणून वर निकेल व क्रोमचा मुलामा चढवितात. ओतीव पाते बहुधा स्टेनलेस पोलादाचे असते. त्याची कृती मेणाच्या साच्याची. आपल्या मूर्तिकारांना ती प्राचीन काळापासून ठाऊक आहे.

आम्हा धान्यवाल्यांना मौज वाटावी अशी एक गोष्ट येथे नमूद करतो. धातूच्या अंतरंगात जे सूक्ष्म कण असतात त्यांना इंग्रजीत धान्याच्या दाण्याचाच शब्द आहे. जपानच्या मिझुनो कंपनीची घडीव आयर्न १९६८ पासून हिरोशिमाच्या चुओ कारखान्यात तयार होतात, आणि त्या कारागिरांचा सारा भर कांबीतील हे 'दाणे' पात्यापासून मानेपर्यंत अखंड एका दिशेने वाहते ठेवण्यावर असतो.

स्पर्श म्हणजे काय

घडीव आयर्नचे चाहते 'स्पर्शा'चे गुणगान करतात. चेंडू पात्याच्या नेमक्या मध्यावर बसला की लोण्यातून सुरी जावी तसे वाटते, आणि किंचित बाजूला लागला तर हाताला ताबडतोब कळते. धान्याच्या बाजारात जुना अडत्या परखीने पोत्यातील मूठभर गहू काढतो, तळहातावर फिरवितो, एखादा दाणा दाताखाली धरतो आणि ओलावा किती ते सांगतो. आर्द्रता मोजण्याची यंत्रे आली तरी त्या हाताची किंमत उतरलेली नाही. स्पर्श ही खेळाडूची तशीच शिक्षक असलेली खूण होय. चूक कोठे झाली हे ज्याच्या हाताला कळते, तोच ती सुधारू शकतो.

परंतु या स्पर्शाचे मूळ केवळ घडाईत आहे, असे समजणे बरोबर नाही. चेंडू आणि पाते यांची भेट सेकंदाच्या सुमारे दोन हजाराव्या हिश्श्यापुरती असते. हाताची संवेदना मेंदूपर्यंत पोहोचते तेव्हा चेंडू केव्हाच निघून गेलेला असतो. इंग्लंडमधील लफबरो विद्यापीठाच्या संशोधकांनी २००५ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असे आढळले की, खेळाडू ज्याला चांगला स्पर्श म्हणतात त्याचा आघाताच्या आवाजाशी निकट संबंध आहे. अर्थात हाताइतकेच कानही हे काम करीत असतात. माळव्याला हे नवे वाटू नये. धारच्या भोजराजाच्या नावावर असलेल्या 'युक्तिकल्पतरु' या ग्रंथात तलवारीच्या परीक्षेची जी अंगे सांगितली आहेत, त्यांत ध्वनी हे एक स्वतंत्र अंग आहे.

आवाजाशिवाय दांडा, मूठ, पात्याची जाडी व चेंडूचा प्रकार यांचाही स्पर्शात वाटा असतो. तेव्हा 'घडीव' एवढा शब्द पात्यावर कोरलेला पाहून पैसे मोजू नयेत. हल्ली काही पाती आतून पोकळ असून त्यांचा केवळ पुढचा पत्रा घडीव असतो. टेलरमेड कंपनीचे २०१७ साली निघालेले 'पी ७९०' हे या जातीचे ठळक उदाहरण. माल वाईट नाही. परंतु एकाच कांबीतून घडविलेले पाते आणि हे पाते यांत फरक आहे, आणि तो विचारून घेण्याचा ग्राहकाला अधिकार आहे.

क्षमा म्हणजे काय

'क्षमा' हा शब्द आपल्या वाचकांस समजावून सांगावयास नको. गोल्फवालेही नेमका हाच शब्द वापरतात. चेंडू मध्यावर न लागता टोकाकडे वा मानेकडे लागला असता जे पाते त्या चुकीचा दंड कमी करते, ते क्षमाशील. असा आघात झाला की पाते हातात थोडे फिरते. त्यामुळे अंतर घटते आणि दिशा ढळते. जुन्या पद्धतीच्या पात्याला 'ब्लेड' म्हणतात. त्याची पाठ सपाट, अंग बारीक आणि वजन मध्याशी एकवटलेले असते. म्हणून ते चटकन फिरते.

यावरील उपाय शोधला तो कार्स्टन सोल्हाइम या नॉर्वेत जन्मलेल्या अमेरिकन इंजिनिअरने. जनरल इलेक्ट्रिक कंपनीत नोकरी करीत असता १९५९ साली त्याने एक पटर बनविला. त्यातून चेंडू मारताना जो 'पिंग' असा आवाज येई, तेच पुढे त्याच्या कंपनीचे नाव झाले. त्याचे तत्त्व साधे होते : वजन मध्यातून काढून कडांना द्यावे. खांद्यावरच्या कावडीची दोन्ही टोके भरलेली असली की ती सहजासहजी गर्रकन फिरत नाही, तेच येथेही. हेच तत्त्व त्याने पुढे आयर्नला लाविले. पात्याच्या पाठीस खळगा आणि वजन काठाकाठाने, असा आकार ओतीव कामात सुलभ पडे. १९८२ सालचे 'पिंग आय २' हे आयर्न जगभर खपले, आणि तेव्हापासून 'ओतीव म्हणजे क्षमाशील, घडीव म्हणजे कठोर' अशी समजूत रूढ झाली.

ही समजूत आज खरी राहिलेली नाही, आणि या लेखात सांगावयाची मुख्य गोष्ट हीच. क्षमा धातूच्या जातीतून येत नाही. ती वजनाच्या वाटणीतून येते. आज घडीव पात्यालाही पाठीस खळगा कोरतात, काहींत तळाशी व टोकाशी टंगस्टनचा जड तुकडा बसवितात. म्हणून स्पर्श आणि क्षमा यांतून एकच निवडावयास हवी असे नाही. दोहोंचे प्रमाण ठरवावयाचे असते. जो व्यापारी दर सांगताना वाटेतील तूट मुळीच धरीत नाही, त्याचा प्रत्येक दाणा ठरल्या जागी पोहोचला तरच त्याला नफा. ब्लेडने खेळणाऱ्याची तीच गत. उलट, तूट भरमसाट धरणाऱ्याला आपले नुकसान कोठे होते हेच कधी उमगत नाही. अतिशय जाड व रुंद पात्याने खेळणाऱ्याचे तसे होते.

एक उदाहरण

आमच्या परिचयातील एका सभासदांना साठीनंतर डॉक्टरांनी रोज चालण्यास सांगितले. नुसते चालणे त्यांना रुचेना. मुलगा गोल्फ खेळत असे, म्हणून तेही त्याच्याबरोबर जाऊ लागले. नामांकित खेळाडू हेच वापरतात, असे कोणीसे सांगितल्यावरून त्यांनी बारीक ब्लेडचा उंची संच घेतला. चेंडू मध्यावर लागेना. प्रत्येक चुकलेल्या फटक्याचा झटका मनगटापासून कोपरापर्यंत जाई. तीन महिन्यांत कोपर दुखू लागले, संच कपाटात गेला आणि त्याबरोबर चालणेही बंद पडले. मुलाशी रविवारचे जे दोन तास बोलणे होई, तेही थांबले. दुकानात बापलेकांचे बोलणे होते ते हिशेबाचे. मैदानावर होत असे ते निराळे.

पुढे त्यांच्या मुलानेच पुढाकार घेऊन वडिलांचे फटके एका जाणकाराकडून तपासून घेतले. मध्यम रुंदीच्या तळाचे, पाठीस खळगा असलेले घडीव आयर्न आणि पोलादाऐवजी ग्रॅफाइटचा हलका दांडा, अशी योजना झाली. पोलादी दांडा साधारणतः ९५ ते १३० ग्रॅमांचा, तर ग्रॅफाइटचा बहुधा ५० ते ८० ग्रॅमांचा असतो, आणि तो कंपही पुष्कळ शोषून घेतो. आता ते गृहस्थ पुन्हा मैदानावर जातात. फटका चुकला तर हाताला कळते, पण कोपर दुखत नाही. पहिल्या संचाला निम्मीही किंमत आली नाही, तो भाग वेगळा.

खरेदीपूर्वी पाहावयाच्या गोष्टी

पहिली गोष्ट, आपला हात ओळखावा. फळ्यावर लिहिण्याच्या पेनाने चेंडूवर उभी रेघ काढावी, रेघ पात्याकडे करून फटका मारावा. तिचा ठसा पात्यावर उमटतो. असे वीस फटके मारून प्रत्येक ठसा पाहावा. ठसे मध्याभोवती रुपयाच्या नाण्याएवढ्या जागेत पडत असतील, तर बारीक घडीव पाते घेण्यास हरकत नाही. ते सर्व पात्यावर विखुरले असतील, तर खळग्याचे व रुंद तळाचे पाते घ्यावे. आपल्यापैकी बहुतेकांचे ठसे या दोहोंच्या मध्ये कोठेतरी पडतील, आणि त्यांच्यासाठी खळग्याचे घडीव आयर्न हीच योग्य वस्तू होय.

दुसरी गोष्ट, माप तपासावे. १९५६ चा वजनमापांचा कायदा होऊन दशमान पद्धत येण्यापूर्वी दर बाजारपेठेचा मण निराळा असे. त्यामुळे भाव ऐकण्याआधी शहाणा व्यापारी माप विचारी. गोल्फमध्ये तसे घडते. जुन्या धर्तीच्या ७ नंबरच्या आयर्नचे पाते सुमारे ३४ अंश कललेले असते. नव्या क्षमाशील जातीत तोच आकडा पुष्कळदा २८ ते ३० अंशांवर आलेला असतो. कल कमी म्हणजे चेंडू लांब जाणारच. दुकानात 'पाहा, वीस यार्ड वाढले' असे सांगितले जाते, तेव्हा वाढले ते कसब की बदलले ते माप, हे आधी विचारावे.

तिसरी गोष्ट, ठशाची रेघ उभी आहे की तिरपी, हे पाहावे. तिरपी असेल तर पात्याचा जमिनीशी असणारा कोन आपल्या उंचीस व उभे राहण्याच्या पद्धतीस जुळत नाही. घडीव पात्याचा एक खरा आणि निर्विवाद लाभ येथे दिसतो. मऊ पोलादाची मान कारागीर यंत्रावर एकदोन अंश सहज वाकवून देतो. कठीण ओतीव पात्याच्या बाबतीत हे काम जिकिरीचे असते. आणि जे वाकते ते वापरातही थोडे ढळू शकते, म्हणून वर्षातून एकदा कोन तपासून घ्यावा.

चौथी गोष्ट, जमीन. माळव्याची काळी माती पावसाळ्यात लोण्यासारखी मऊ, उन्हाळ्यात विटेसारखी कठीण. मऊ जमिनीत बारीक तळाचे पाते रुतते. कठीण जमिनीवर फार रुंद व गोलाकार तळाचे पाते उसळते. म्हणून आमच्याकडे मध्यम तळ बरा. पावसाळ्यात खेळून आल्यावर पाती कोरडी पुसून ठेवावीत. मुलामा उडालेल्या जागी मऊ पोलादाला गंज लवकर धरतो.

पाचवी गोष्ट, सर्व काठ्या एकाच जातीच्या असाव्यात असा नियम नाही. नियम एवढाच की एकूण काठ्या १४ पेक्षा अधिक नसाव्यात; तो १९३८-३९ पासून चालत आला आहे. लांब पल्ल्याच्या ४ व ५ नंबरच्या काठ्या मारण्यास अवघड, तेथे क्षमा अधिक घ्यावी. जवळच्या पल्ल्याच्या ८, ९ व वेजमध्ये नेमकेपणा हवा, तेथे स्पर्शाला प्राधान्य द्यावे. असा मिश्र संच बांधून देणारे विक्रेते आता मिळतात.

वापरलेला घडीव संच घेण्यातही कमीपणा नाही. मात्र पात्यावरील खाचा झिजलेल्या नाहीत, मान वाकलेली नाही आणि क्रमांक खरा आहे, एवढे पाहावे. नकली मालही बाजारात असतो. आणखी एक सूचना आपल्या कुटुंबांसाठी. गोल्फचे हातमोजे बहुधा बकऱ्याच्या वा मेंढीच्या कातड्याचे असतात. कृत्रिम धाग्याचे मोजे सर्वत्र मिळतात, धुता येतात आणि उन्हाळ्यात टिकतातही. विकत घेताना तेच मागावेत.

तात्पर्य, आयर्न निवडताना नावाजलेला खेळाडू काय वापरतो याचा विचार शेवटी करावा. त्याचे रोजचे शेकडो फटके आणि आपले आठवड्याचे दोन तास यांची बरोबरी होत नाही. आपल्या हाताला चूक कळेल इतका स्पर्श आणि ती चूक सोसून पुन्हा मैदानावर यावेसे वाटेल इतकी क्षमा, हे प्रमाण ज्या संचात आपल्यापुरते जमले तो संच आपला. ज्या सभासदांच्या घरी यंदा अशी खरेदी व्हावयाची असेल, त्यांनी आधी मुलांसह मैदानावर जाऊन वीस फटक्यांची ती परीक्षा करावी. तिला एका पेनाखेरीज काही खर्च नाही. आणि धारवरून जाणे झाल्यास तो लोहस्तंभही मुलांना अवश्य दाखवावा.